प्रीमियर पद्मिनी पाळायची म्हणजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पद्मिनी, प्रेसिडेंट आणि ११०० डिलाइट या एकाच घराण्यातल्या गाड्यांसाठी आहे. गाडी नुकतीच घेतली असेल, आजोबांची गाडी गॅरेजातून बाहेर काढायची असेल किंवा घ्यायचा विचार चालू असेल, तर आधी पत्र्याचा आणि कागदपत्रांचा असे दोन भाग वाचा. इंजिनाचं नंतर बघता येतं.

फियाट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी: या वेगवेगळ्या गाड्या आहेत का?

मूळ एकच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर १९५४ पासून कुर्ल्यात ११०० बांधायला घेतली. गोलमटोल पाठीची ती जुनी गाडी म्हणजे मुंबईकरांची 'डुक्कर फियाट'. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ११०० डी आली, तीच डिलाइट. फियाटशी करार संपल्यावर नाव बदलून प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीवरून पद्मिनी. २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं.

इंजिन शेवटपर्यंत तेच राहिलं: चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. म्हणून इंजिनाचे बरेच पार्ट एकमेकांना चालतात. जाळी, दिवे, डॅशबोर्ड, डायनामो की अल्टरनेटर यांत मात्र काळानुसार फरक आहे, त्यामुळे पार्ट मागताना गाडीचं साल सांगा. शेवटच्या वर्षांत फ्लोअर गिअर आणि बकेट सीटच्या गाड्या निघाल्या, डिझेलही निघाली. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

हिला विंटेज म्हणायचं की क्लासिक?

बोलताना काहीही म्हणा, कागदावर मात्र जपून. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'विंटेज' ठरते. आंतरराष्ट्रीय संघटना फीवा ३० वर्षांपुढची, जपलेली गाडी ऐतिहासिक मानते. १९७४-७५ची पद्मिनी आता कुठे विंटेजच्या उंबरठ्यावर आली आहे. १९९०ची गाडी कायद्याच्या नजरेत साधी जुनी गाडीच आहे.

घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

पत्रा. इंजिन कुठलाही जाणता मिस्त्री बांधून देईल. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे सगळं मिळतं आणि खर्चाचा अंदाज आधी येतो. सडलेल्या पत्र्याचा अंदाज कोणालाच येत नाही. रंग खरवडल्यावर हाताएवढं भोक निघतं आणि ते कापायला घेतल्यावर परातीएवढं होतं.

एक लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, दाराखालचे सिल आणि हेडलाइटभोवतीचा भाग यांवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली पुट्टी किंवा फायबर आहे. मग मॅटिंग उचला. समोरच्या दोन्ही बाजूंचा पायाखालचा पत्रा, बॅटरीची बैठक, डिकीतला स्टेपनीखालचा खड्डा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल जिथे बॉडीला बसतात ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. 'भद्' असा आवाज आला तर तिथे थरावर थर चढवलेले आहेत. पाट्यांची जागा सडलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, गाडी सोडा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते.

दार उघडून वर-खाली हलवा. बिजागऱ्या खिळखिळ्या असतील तर पिना बदलता येतात. पण चारही दारं बंद असताना फटी वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असतील तर बॉडी मध्यातून बसली आहे.

गाडी पूर्वी टॅक्सी होती हे कसं ओळखायचं?

डाव्या पुढच्या मडगार्डजवळ मीटरच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं, छतावर कॅरिअरच्या खुणा, डिकीत सीएनजी टाकी बसवल्याच्या बोल्टची भोकं. दाराचं आतलं पॅनेल काढलं की काळा किंवा पिवळा रंग हमखास सापडतो. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्यांतल्या पुष्कळशा भंगारात गेल्या. नोंदणी रद्द झालेल्या टॅक्सीच्या बॉडीवर दुसऱ्याच गाडीचं आरसी बुक चढवून विकणारे आहेत. तेव्हा बोनेटखालचा चॅसिस नंबर स्वतः वाचा, कागदावर शिसपेन्सिल घासून त्याचा ठसा घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा.

कागदपत्रांत नेमकं काय अडतं?

तीन गोष्टी अडतात.

पहिली, नूतनीकरण. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीला नेऊन ती वाढवायची. सोबत राज्याचा पर्यावरण कर. १५ वर्षांपुढच्या मोटारींसाठी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० रुपये. मुदत उलटून महिने गेले असतील तर उशिराचा आकार वेगळा. म्हणून विकत घेताना मुदत किती शिल्लक आहे ते बघूनच भाव करा.

दुसरी, ऑनलाइन नोंद. एमआर किंवा एमएमने सुरू होणारा तीन अक्षरी जुना नंबर दिसायला सुरेख असतो, पण ती गाडी 'वाहन' पोर्टलवर सापडतेच असं नाही. अशा वेळी मूळ आरटीओत 'बॅकलॉग एंट्री'चा अर्ज करावा लागतो. ती झाल्याशिवाय कर ऑनलाइन भरता येत नाही, नाव बदलत नाही आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची असलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेटही मागवता येत नाही. विकणाऱ्यालाच ही नोंद करून द्यायला सांगा, पैसे त्यानंतर.

तिसरी, मालक हयात नसणं. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते आणि वारस तिघे-चौघे. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८ची एनओसी. वारसाहक्काच्या गाडीत मात्र आधी वारसांपैकी एकाच्या नावावर गाडी चढू द्या, मग विकत घ्या. 'सही आणून देतो' या आश्वासनावर गाडी उचलू नका.

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. तिकडची गाडी घेण्याआधी किंवा आपली तिकडे नेण्याआधी त्या वेळचा आदेश वाचा.

५० वर्षं झाली. विंटेज नोंदणी करून घ्यावी का?

गाडी रोज बाहेर काढत असाल तर घाई नको. विंटेज नोंदणी १० वर्षांची असते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नोंदणीत 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वाहतुकीसाठी किंवा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी भजी खायला सिंहगडच्या पायथ्याशी जाणं यात बसत नाही.

पीयूसीत पास होते का?

सहज होते, कार्ब्युरेटर ताळ्यावर असेल तर. या पिढीच्या पेट्रोल मोटारींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. प्रमाणपत्र सहा महिन्यांचं.

केंद्रावर जाण्याआधी इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण आत आहे ना बघा आणि एअर फिल्टर साफ करा. आयडल साधारण ८०० आरपीएमवर ठेवा. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत फिरवा. इंजिन अडखळायला लागलं की बाहेर घ्या आणि जिथे आवाज सगळ्यात सलग लागतो तिथे थांबा. तिथून किंचित, पाव फेऱ्याहून कमी, आत. एवढ्याने काम होत नसेल तर फ्लोटची नीडल गळत असण्याची शक्यता जास्त.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने गाडी बिघडेल का?

एका टाकीने काही होत नाही, वर्षभरात होतं. त्रास तीन प्रकारचा आहे आणि तिन्हींवर इलाज आहे.

एक, रबर. जुने पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, मग भेगाळतात. पाइप आतून सुटतो आणि त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात. बाहेरून भेग पडली तर पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर ठिबकतं, खरी भीती तिथे आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप एकदाच बदला आणि 'एसएई जे-३० आर-९' असं छापलेलाच पाइप घ्या. पंपाचं किट घेताना ते इथेनॉलला चालणारं आहे का ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरं दुकान.

दोन, पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं. पत्र्याची टाकी तिथून गंजते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट खरपुडी धरते. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे ओल्या हवेला जागा उरत नाही. तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करा.

तीन, मिश्रण पातळ होणं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक ते सांभाळतो, सोलेक्सला मेंदू नाही. लक्षणं म्हणजे वेग घेताना अडखळणं, कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा आवाज आणि चढावर तापमान वाढणं. प्लग काढून बघा. बिस्किटाच्या रंगाचं टोक ठीक, खडूसारखं पांढरं असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर घट्ट. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० म्हणजे १.२० मिमी. २० टक्के इथेनॉलला व्यास साधारण ४ टक्के मोठा लागतो, म्हणजे १२०च्या जागी १२५. जेट सुईने किंवा तारेने कोरू नका. भोक लंबगोल होतं आणि मग कशाचाच हिशोब लागत नाही.

सरासरी थोडी घटते, ते गृहीत धरा. शहरात लिटरला १०-१२ किलोमीटर मिळत असतील तर गाडी तब्येतीने चांगली आहे.

सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही.

चाकं, तेल, पेट्रोल याच्या आधी एक प्रश्न: किती दिवस उभी होती? दहा दिवसांहून जास्त असेल तर कार्ब्युरेटरची वाटी सुकलेली असते. पंप इंजिनावर चालणारा आहे, त्यामुळे सेल्फ फिरेल तेव्हाच पेट्रोल वर येतं. पंपाला हातपंपाची छोटी दांडी असेल तर १५-२० वेळा दाबा. मग चोक पूर्ण ओढा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा आणि एका वेळी पाच-सात सेकंदच सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सतत मारला तर बॅटरी बसते आणि सेल्फचे कार्बन जळतात.

तरीही नाही तर आधी करंट. एक प्लग काढा, वायरीला जोडून धातूवर टेकवा, जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, करंट जोडणारी-तोडणारी टोकं) बघा. टोकं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून पेट्रोलने पुसा आणि फट ०.४ मिमी ठेवा, मिस्त्रीच्या भाषेत १५-१६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग). पॉइंट वारंवार जळत असतील तर दोषी कंडेन्सर आहे, तो बदला. प्लगची फट ०.६ मिमी. वायरी काढल्या असतील तर फायरिंगचा क्रम १-३-४-२.

ठिणगी चांगली, प्लग कोरडा: पेट्रोल येत नाही. ठिणगी चांगली, प्लग ओला: जास्त झालं. चोक पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

पहिला गिअर टाकताना दात घासतात. गिअरबॉक्स गेला का?

बहुतेक नाही. या बॉक्समध्ये दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला सिंक्रो (दात न घासता गिअर जुळवणाऱ्या रिंगा) आहे, पहिल्याला नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचाच नाही. चालत्या गाडीत टाकावाच लागला तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि पहिला. उभ्या गाडीतही घासत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, त्याचं अ‍ॅडजस्टमेंट बघा.

हँड गिअर (स्टिअरिंगजवळचा गिअर) जागेवर सापडत नसेल, दुसऱ्याऐवजी चौथाच पडत असेल, तर दोष बॉक्सपेक्षा स्टिअरिंगखालच्या दांड्यांच्या झिजलेल्या बुशांत असतो. बुश स्वस्त आहेत. बॉक्स उघडायला निघालेल्या मिस्त्रीला आधी ते बदलायला लावा. तेल जीएल-४, ९० ग्रेड. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

घाटात गरम होते, मध्येच बंद पडते.

हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

काटा लालकडे गेला नाही, पण खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना इंजिन आचके देत बंद पडलं, तर ते बहुधा व्हेपर लॉक. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ खेचत बसतो. गाडी बाजूला घ्या, बोनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, १५ मिनिटं चहाला जा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोल पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब वळवणं, त्यावर उष्णतारोधक आवरण घालणं आणि पंपाखाली मूळ जाड पॅकिंग आहे का ते बघणं. पॅकिंगमुळे इंजिनाची उष्णता पंपात कमी जाते, आणि दुरुस्तीत ते नेहमी हरवतं.

काटा खरोखर वर गेला असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि ते वाकतं. थांबा. फॅन बेल्ट तुटला असेल तर इंजिन लगेच बंद. बेल्ट शाबूत आणि पाणी असेल तर दोन मिनिटं हलक्या रेसवर फिरू द्या, मग बंद करा. रेडिएटरची टोपी निदान अर्धा तास उघडू नका. पाणी घालताना इंजिन सुरू ठेवून, बारीक धारेने. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं की त्याच दिवशी गॅस्केट जातं.

कारण शोधताना स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा. बेल्ट अंगठ्याने दाबला तर १० ते १५ मिमी दबावा. टोपीचं रबर आणि स्प्रिंग बघा. ठिणगीचं टायमिंग मागे गेलं असेल तरी इंजिन तापतं. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून ठेवत असेल तरी तापतं, ड्रमला हात लावला की कळतं. यानंतर रेडिएटर. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्याने नळ्यांत क्षार बसतात आणि अर्धी जाळी निकामी होते. इंजिन गरम असताना जाळीवरून हात फिरवा (फॅनपासून लांब), थंड लागणारे पट्टे म्हणजे बुजलेल्या नळ्या. रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या, नंतर डिस्टिल्ड पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंटच घाला.

'थर्मोस्टॅट काढून टाका, थंड राहील' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, चोक जास्त चालतो, पेट्रोल भिंतींवरचं ऑइल धुतं आणि सिलिंडर झिजतात. बिघडलेला असेल तर नवा घाला.

हेडचं काम निघालंच तर पृष्ठभाग सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासून घ्या. ०.०५ मिमीचं पान आत शिरत असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) लागेल. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच. ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा एकदा.

ब्रेक दाबला तर गाडी थांबेल ना?

थांबेल, पण आजच्या गाडीसारखी नाही. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही आणि जुन्या गाड्यांत एकच सर्किट. एका व्हील सिलिंडरचं वॉशर फाटलं तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून रबर किट 'गळायला लागल्यावर' बदलायचं नसतं. डॉट-३ ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडर आतून गंजतात आणि घाटात ते पाणी उकळून पेडल खाली जातं.

हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल तर बहुधा लायनिंग अ‍ॅडजस्ट करायला झालं आहे. दाबल्यावर स्पंजासारखं लागत असेल तर हवा.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका, दाबा आणि सोडा. पाण्यातून गेल्यावर डाव्या पायाने हलका ब्रेक धरून शंभर-दोनशे मीटर चालवा, लायनिंग सुकतं. आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. त्या अंतरात रिक्षा घुसणार, मग पुन्हा ठेवा.

स्टिअरिंग भटकतं, ६० वर थरथरतं.

पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटका लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. खटका गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन. ग्रीस न मिळाल्याने किंगपिन मरतात. दर १५००-२००० किलोमीटरला चाक उचलूनच ग्रीस मारा, भार असताना ग्रीस पिनच्या खालच्या बाजूला पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा.

मूळ टायर ५.२०-१४. बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. नक्षी कोरी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर दगड झालेला असतो. एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि साधा टायर मिसळू नका.

कोणतं ऑइल?

२०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक जुन्या सीलमधून बाहेर येतं, बाकी फायदा नाही. ३,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे मिश्रण घट्ट. पांढरा धूर थांबतच नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर असेल तर हेड गॅस्केट. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी पातळ थर धरतो, तेवढ्याने घाबरू नका.

पावसाळ्यात आणि उभी ठेवताना काय काळजी?

प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका. खाली घाम धरतो आणि रंग फुगतो. जाड सुती कव्हर आणि वर शेड हवी. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं चैत्र-वैशाखातच तारेने मोकळी करा. ती रंगकामात बुजतात आणि दार आतून सडतं. काचांच्या रबर बीडिंगच्या कोपऱ्यात बोटाने दाबून बघा. पाणी तिथून शिरून थेट मॅटिंगखाली जातं, आणि ओलं मॅटिंग म्हणजे सहा महिन्यांत नवा फ्लोअर. सिल आणि दारांच्या पोकळीत मेणाचा स्प्रे मारा. खालून जाड डांबरी लेप गंजलेल्या पत्र्यावर फासला तर गंज झाकतो, थांबवत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि समुद्रकिनाऱ्याच्या सहलीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा.

चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर जाऊ नका. फॅन पाणी उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजतो, गाडी बंद. टोपी आतून कोरडी पुसली की बहुधा चालू होते.

दर १०-१५ दिवसांनी २०-२५ किलोमीटर चालवा. नुसती जागेवर दहा मिनिटं सुरू ठेवणं वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि ब्रेक-क्लच तसेच आखडलेले राहतात. बॅटरी काढलेली असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आणि उंदीर! बोनेटखालची वायर त्यांना फार आवडते. पेटलेली वायर दिसायला शॉर्टसर्किट असते, मूळ उंदराचं असतं.

पार्ट मिळतात का?

झिजणारे पार्ट मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्यात रविवार आणि बुधवारचा जुना बाजार. क्लच प्लेट, ब्रेक किट, किंगपिन, बुश, गॅस्केट, पॉइंट यांना तोटा नाही. दर्जा मात्र हातात घेऊन बघा. नव्या रबरी किटपेक्षा पिवळट खोक्यातला जुना माल चांगला, हे रबराच्या बाबतीत खोटं आहे. रबर खोक्यातही म्हातारं होतं. धातूच्या पार्टना ते लागू पडतं.

खरी टंचाई बाहेर दिसणाऱ्या वस्तूंची आहे: क्रोमच्या पट्ट्या, मूळ स्टिअरिंग व्हील, काचेचे दिवे, तिकोन्या काचेच्या कड्या. गाडी घेताना या जागेवर असतील तर इंजिनाच्या धुराकडे थोडं दुर्लक्ष करायला हरकत नाही.

काय बदललं तर चालेल?

हेडलाइटला रिले घाला. मूळ स्विच सगळा करंट स्वतःतून नेतो आणि जळतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं आहे, फक्त जुना पॉइंट-कंडेन्सर डिकीत ठेवा. पुढे तीन बिंदूंचे सीट बेल्ट बसवा, बोल्टमागे जाड पोलादी पट्टी वेल्ड करून. पातळ पत्र्यात नुसता बोल्ट घातला तर तो झटक्यात उपटतो. एसी आम्ही सुचवत नाही. छोट्या इंजिनाची ताकद जाते आणि तापण्याचा प्रश्न विकत घेतला जातो. डिझेल इंजिन किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन चढवलं तर आरसीवर नोंद लागते आणि विंटेजचं दारही बंद होतं.

विमा कसा घ्यायचा?

थर्ड पार्टी सक्तीचा आहे. १०८९ सीसी असल्याने गाडी १,००० ते १,५०० सीसीच्या गटात जाते. विंटेज म्हणून नोंद असेल तर थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलत आहे. स्वतःच्या नुकसानीसाठी जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे मूल्यांकनाचा अहवाल, चारही बाजूंचे फोटो आणि केलेल्या कामाची बिलं जोडा. काही न देता ऑनलाइन अर्ज भरला तर भंगाराच्या भावाचा आकडा पडतो.

एवढं सगळं करून मिळतं काय?

बैठक. पुढची सोफ्यासारखी सलग सीट, बारीक खांब, चारही बाजूंनी काच, बोनेटची दोन्ही टोकं दिसतात. तिकोनी काच वळवली की वारा बरोबर गळ्याशी येतो. ५०-६०च्या वेगाला ही गाडी सगळ्यात गोड चालते. चौथ्यात टॅपेटची हलकी टिकटिक, हँड गिअर दोन बोटांनी. द्रुतगती मार्गावर ८० ने रेटण्यात मजा नाही, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पहाटे निघण्यात आहे. शिवाय काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं, आणि बरंचसं तीन पान्यांत दुरुस्त होतं. सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला काच खाली करून 'कितवं मॉडेल?' विचारणार, त्याचं उत्तर तयार ठेवा.

लांबच्या प्रवासात डिकीत काय हवं?

फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, एक प्लग, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, फ्यूज, एक मीटर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, रेडिएटरचा वरचा होज, पाच लिटर पाणी, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल. हत्यारांत ८ ते १९ चे पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, तांब्याची वायर. स्टेपनीत हवा. अग्निशामक मात्र डिकीत नको, पुढच्या सीटखाली ठेवा.